पाच शून्यं

रणपिसेबाईंच्या तासाला तीन शब्दांना बंदी होती: रोज, खूप आणि सगळे.

“बाई, ही रोज माझी पट्टी घेते,” असं कुणी उभं राहून सांगितलं की बाई फळ्याकडेच तोंड ठेवून विचारायच्या, “रोज म्हणजे? गेल्या दहा दिवसांतले किती?” तक्रार करणारी बोटं मोजायला लागायची, तीनवर अडखळायची आणि खाली बसायची. “खूप ताप होता” म्हटलं की “किती?” “सगळ्यांना माहितीय” म्हटलं की “नावं सांग.” शिक्षकांच्या खोलीत त्यांना कितीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. भूगोलाच्या सरांनी एकदा तोंडावरच विचारलं, “काय कितीबाई, चहा घेणार का?” बाई म्हणाल्या, “घेते. पाऊण कप.”

आमची शाळा आंबिवलीला, मुलींची, आठवी ते दहावी. बाई कल्याणहून यायच्या. हे १९८६-८७चं वर्ष. बाई तेव्हा तिशीच्या आत-बाहेर असतील. बुटक्या, आवाज घोगरा, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. खांद्याला नायलॉनची पिशवी. पिशवीत काय असायचं ते मला आजही क्रमाने सांगता येईल: पावडरच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून ठेवलेला थर्मामीटर, सुतळीचं बंडल, भिंग, पांढऱ्या कागदाची गुंडाळी, शाईची दोन पेनं. पेन्सिल नाही आणि खोडरबर तर नाहीच. निरीक्षण शाईनेच लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. “काय चुकलात ते पण ठेवा. तेही कामाला येतं.”

शाळेला प्रयोगशाळा नव्हती, एक कपाट होतं. त्याची किल्ली शिपाई भोईरमामांकडे. मामा गावातलेच, बाईंशी त्यांचं सतत काहीतरी चालायचं. मधल्या सुट्टीत एक लंगडा कावळा पायरीवर यायचा. मामा सांगायचे, हा त्यांचा बाप आहे, रोज पोळी खायला येतो. बाईंनी ‘रोज’ ऐकलं. आमच्यातल्या दोघींना त्यांनी पंधरा दिवस पायरीवर बसवलं.

“काय बाई, आता आमचा बापूस पन मोजनार?” मामा म्हणाले.

“मोजते ना. येतो म्हणता, तर येऊ दे.”

पंधरा दिवसांत कावळा अकरा वेळा आला. त्यात सहा वेळा लंगडा, पाच वेळा धडधाकट. मामांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “म्हनजे पाच वेळा माझा काका आला आसंल.” बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांना तसं हसताना मी दोनदाच पाहिलं.

त्यांच्या लग्नाची एक गोष्ट शाळेत फिरत होती. बघायला आलेला मुलगा म्हणाला, मी सिगारेट फारशी ओढत नाही. बाईंनी विचारलं, किती? मुलगा म्हणाला, अशीच एखादी. बाई म्हणाल्या, दिवसाला की तासाला? पाहुणे पोहे टाकून उठले म्हणे. ही गोष्ट मी कानांनी ऐकलेली आहे, तेव्हा तिच्यापुढे ‘का’ लिहायला हवं.

हा ‘का’ बाईंचाच. त्यांच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर असायचं. स्वतः पाहिलं तर ‘डो’, म्हणजे डोळ्यांचं. दुसऱ्याने सांगितलं तर ‘का’, कानांचं. दोन्ही नोंदी चालायच्या, मिसळलेल्या चालायच्या नाहीत. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दोन ओळी:

पाहिले आणि नव्हते: ०
पाहिलेच नाही: —

ह्या दोन ओळी त्या वर्षभर पुन्हा पुन्हा सांगायच्या. एकदा मीच विचारलं की बाई, दोन्हींचा अर्थ काहीच नाही असाच ना? बाई टेबलाच्या कडेला टेकल्या. स्वतःबद्दल त्या कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या. त्या लहान असताना कल्याणला त्यांच्या वस्तीत कसलीतरी मोजणी करायला एक माणूस आला होता. कुठल्या घरात किती माणसं, शिकलेली किती, आजारी किती. तो वस्तीत शिरलाच नाही. नाक्यावरच्या हॉटेलात बसून कुणाकुणाला विचारून त्याने रकाने भरले. “माझी आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. त्याच्या कागदावर आमच्या घरात आजारी शून्य. शून्य लिहायला आत यावं लागतं. आत यायचं नसेल, तर रेघ मारावी.”

वर्गात कुणाला फारसं कळलं असं वाटत नाही. मला कळलं असतं तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

जूनमध्ये बाईंनी नववीच्या आम्हा दहा मुलींना निवडलं आणि विज्ञान प्रदर्शनासाठी निरीक्षण प्रकल्प काढला. विषय साधा: आमच्या भागात लोक पाणी कुठून भरतात आणि त्या घरांत जुलाब-कावीळ किती. पाच पाणवठे ठरले. दोन विहिरी, एक हातपंप, एक नळ, एक नदीकाठचा डोह. प्रत्येकी दोघींची जोडी. दर शनिवारी शाळा सुटल्यावर जायचं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरायचं आणि रंग लिहायचा. वास लिहायचा. थर्मामीटर बुडवून तीन मिनिटं मोजायची. दर हातावर गाठ मारलेली सुतळी सोडून पाण्याची पातळी घ्यायची. मग त्या पाणवठ्यावर भरणारी घरं फिरून आजारी माणसं विचारायची. असे वीस आठवडे.

शेलार चाळीच्या विहिरीवर शैला होती. चाळीत बावीस खोल्या, शैला त्यातल्याच नवव्या खोलीत राहायची. तिची जोडीदारीण पहिल्या महिन्यातच शाळा सोडून गेली, तेव्हा शैला म्हणाली, माझीच चाळ आहे, मी एकटी करते. विहीर चाळीच्या मागे, संडासांपासून वीस पावलांवर. पावलं बाईंनी स्वतः मोजली होती. चाळीचे मालक शेलारशेठ; विहिरीवर त्यांचा पंप आणि टाकी. भाडेकरूंचं म्हणणं, विहीर बंद करा आणि नळ घ्या. शेठचं म्हणणं, माझ्या आजोबांनी खणलेली विहीर आहे, तिला काय झालंय.

नवव्या आठवड्यात शैला आली नाही. तिला कावीळ झाली होती. डोळे पिवळे, पोटात अन्न ठरेना. तिची आई तिला घेऊन मुरबाडकडच्या आपल्या गावी गेली, तिथे झाडपाल्याचं औषध देणारा एक म्हातारा होता. पाच आठवडे मायलेकी गावीच होत्या. नववा ते तेरावा. बाईंनी चाळीसाठी दुसरी मुलगी पाठवली नाही. “घरात कावीळ आहे तिथे मी कुणाच्या मुलीला पाठवणार नाही,” म्हणाल्या. स्वतः जायचं त्यांच्या मनात होतं, पण शनिवारी दुपारी त्यांना वरच्या वर्गाचे जादा तास लावलेले होते. वहीत पाच रेघा आल्या. त्यापुढे बाईंच्या अक्षरात: निरीक्षक आजारी.

शैला परत आली ती निम्मी होऊन. आल्या शनिवारी पुन्हा विहिरीवर गेली.

नोव्हेंबरच्या शेवटी बाईंना मतदारयाद्यांच्या कामाला लावलं. तीन आठवडे त्या शाळेत येणार नव्हत्या आणि ठाण्याचं प्रदर्शन त्याच काळात आलं. तक्ता कोण करणार? माझं अक्षर चांगलं आणि मी नीटनेटकी, म्हणून हेडसरांनी मला बोलावलं. मी आजही नीटनेटकी आहे. डोंबिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठला नट कुठल्या खणात आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. तेव्हाही तशीच होते. मोठा पुठ्ठा, पाच रंगांची स्केचपेनं, पाच पाणवठ्यांवरच्या आजाऱ्यांच्या पाच रेषा. हिरवी, निळी, तांबडी, काळी सुरेख उतरल्या. शेलार चाळीची जांभळी रेषा आठव्या आठवड्यापर्यंत आली आणि तुटली. पुढे पाच चौकोन कोरे, मग पुन्हा चौदाव्यापासून सुरू. फार वाईट दिसत होतं. जणू मी तक्ता अर्धवट सोडलाय.

शैला शेजारीच पट्टी धरून बसली होती.

“हे जोडून टाकू का गं?” मी विचारलं.

“कशाशी? मी नव्हतेच ना तेव्हा.”

“म्हणून तर. काहीच नाही म्हणजे शून्यच की. रेघ काय आणि शून्य काय.”

“बाई ओरडतील.”

“बाई कुठायत? आणि असा तुटका तक्ता घेऊन ठाण्याला गेलो तर हसतील सगळे.”

शैलाला ठाण्याला जायचं होतं. तिने पट्टी सरळ धरली. मी जांभळी रेष तळाच्या ओळीवर उतरवली, पाच चौकोन सपाट नेली आणि पुन्हा वर चढवली. शेजारच्या कोष्टकात पाच शून्यं काढली. मला गोल शून्य काढता येतं.

ठाण्याला आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी तक्त्याच्या स्वच्छपणाचं कौतुक केलं. हेडसरांनी तक्ता काचेच्या चौकटीत घालून आपल्या खोलीत लावला.

बाई परत आल्या त्या दिवशी हेडसरांनी त्यांना हौसेने चौकट दाखवायला नेलं. मी हजेरीचा कागद घेऊन दारात उभी होते. बाई जवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला, आणि त्यांचं बोट काचेवरून सरकत जांभळ्या रेषेवर थांबलं.

“ही शून्यं कुठून आली?”

हेडसर म्हणाले, “कुठली?”

बाई मागे वळल्या. “मंगल, ही कुणी काढली?”

“मी, बाई.”

“का?”

“रेष तुटत होती.”

त्या मला रागावल्या नाहीत. मी वाट पाहत होते. खूप वेळाने, किंवा मला तसं वाटलं, एवढंच म्हणाल्या, “तुटू द्यायची.”

मग त्या हेडसरांकडे वळल्या आणि प्रदर्शनवाल्यांना कळवायला हवं म्हणाल्या. हेडसर वाईट माणूस नव्हते. शाळेला सात वर्षांनी बक्षीस मिळालं होतं. “बाई, पाच चौकोनांसाठी बक्षीस परत करायचं? कोण बघतंय ते?”

“शेलारशेठ बघतायत,” दारातून भोईरमामा म्हणाले.

तसंच झालं होतं. भाडेकरूंचा अर्ज आदल्या महिन्यात शेठकडे गेला होता, बावीसपैकी एकोणीस सह्यांचा. बक्षिसाची बातमी लागल्यावर शेठ शाळेत येऊन हेडसरांकडून कोष्टकाची नक्कल घेऊन गेले होते, शाळेच्या शिक्क्यासह. रविवारी त्यांनी चाळीच्या ओट्यावर सभा घेतली. मामा सभेला होते, त्यांनी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. शेठ म्हणाले होते, “मी नाही बोलत, शाळा बोलते. तुमच्याच पोरीने मोजलंय. सायन्सचं बक्षीस आहे, गंमत नाय. ऐन पावसात पाच आठवडे आजारी शून्य. आता बोला, विहीर खराब कशी?” एकोणीस सह्यांतल्या अकरा जणांनी सही मागे घेतली.

ज्यांनी मागे घेतली त्यांत शैलाची आई होती. तिचा हिशेब सरळ होता. ज्या पाच आठवड्यांत तिची शैला काविळीने गावी पडली होती, त्याच पाच आठवड्यांत चाळीत कुणालाच काही नव्हतं. म्हणजे विहिरीचा दोष नाही. पोरगी स्टेशनबाहेर बर्फाचा गोळा खायची, त्याचंच ते. गोळ्यावरून शैलाला मारही बसला. शैला घरी काही बोलली नाही. मला येऊन सांगितलं, आणि मीही काही बोलले नाही.

बाईंनी तीन गोष्टी केल्या. एक, प्रदर्शनाच्या आयोजकांना स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं की तक्त्यातले पाच आकडे निरीक्षणावर आधारलेले नाहीत, बक्षीस परत घ्यावं. दोन, बक्षीस मिळवणाऱ्या आम्हा नऊ जणींना बसवून तेच सांगितलं, माझं नाव न घेता. तीन, शनिवार-रविवार धरून त्या शेलार चाळीच्या बावीसही खोल्यांत गेल्या. मला बरोबर घेऊन. शिक्षा म्हणून की शिकवायला, ते कळलं नाही. त्या विचारायच्या, मी लिहायचे.

त्या दोन दिवसांत मी जे ऐकलं ते आजही जसंच्या तसं आठवतं. चौथ्या खोलीत नवऱ्याला श्रावणात कावीळ झाली होती, पण ती दारूनं. अकराव्या खोलीतल्या म्हाताऱ्याला झाली होती, त्याचं वयच झालेलं. सोळाव्या खोलीतला तरुण मुलगा भिवंडीला मागावर कामाला, तो बाहेरचं खातो. विसाव्या खोलीतली बाई आधी नाही म्हणाली, मग आम्ही जिन्यापर्यंत गेल्यावर मागून येऊन म्हणाली, “माझ्या पोराला झालती. पन सांगू नका, त्याला कंपनीत घेनार हायेत.” प्रत्येक घराकडे स्वतःचं एक कारण होतं, आणि भिंतीपलीकडच्या घराचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. पाच आठवड्यांत चार माणसं. शैला धरून पाच.

बाईंनी नवं कोष्टक केलं. त्यांच्याच नियमाप्रमाणे चारही नोंदींपुढे ‘का’ लिहिलं, कारण त्यांनी ती कावीळ डोळ्यांनी पाहिली नव्हती. एक प्रत शेठना दिली, एक चाळीच्या ओट्यावर चिकटवली. शेठ ओट्यावर उभे राहून वाचू लागले. माणूस हुशार होता.

“बाई, हे ‘का’ म्हणजे काय?”

“कानांचं. लोकांनी सांगितलेलं.”

“म्हणजे तुम्ही बघितलं नाही.”

“नाही.”

“आणि ते शून्य? ते बक्षीसवालं? त्याच्यापुढे तर ‘का’ नव्हतं.” शेठ जमलेल्या लोकांकडे वळून हसले. “बघा मंडळी. बाई खरं बोलतात हां. स्वतःच लिहिलंय, ऐकीव आहे म्हणून.”

लोकही हसले. बाई तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “विहीर बंद होईपर्यंत पाणी उकळून प्या. वीस मिनिटं. एवढं तरी करा.” मागून कुणीतरी म्हणालं, “रॉकेल बाई देणार का?” पुन्हा हसले.

मी त्यांना म्हटलं, बाई, ‘डो’ लिहिलं असतं तर? घरी परतताना फाटकाशी उभ्या होतो, मालगाडी जात होती. गाडी गेल्यावर म्हणाल्या, “मग त्या मोजणीवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?” पण हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मला वाटलं, त्यांनी हा प्रश्न स्वतःला आधीच विचारलेला असावा.

शैलाची मोठी बहीण सुमन डिसेंबरच्या अखेरीस पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आणायचं की नाही, असं तिच्या आईच्या मनात आधी होतं. धाकटीचं आजारपण ताजं होतं. शून्यांचं कोष्टक पाहून तिने जावयाला निरोप धाडला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, आणि चाळीचं पाणी चांगलं असल्याचं आता शाळेनेच लिहून दिलं होतं. बाईंचं दुसरं कोष्टक ओट्यावर लागलं तेव्हा सुमन घरात होती. आठवा लागलेल्या पोरीला माघारी कशी धाडायची?

फेब्रुवारीत सुमनचे डोळे पिवळे झाले. गरोदरपणात कावीळ किती वाईट, हे मी नंतर कळत्या वयात वाचलं. सहाव्या दिवशी ती शुद्धीवर राहिली नाही. दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी गेली. मूल पोटातच गेलं होतं.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे मागे काही राहणार नाही. शेलार चाळीची विहीर उन्हाळ्यात बंद झाली आणि नळ आला. कोष्टकामुळे नाही. सुमन गेल्यावर भाडेकरूंनीच पंपाची मोटर काढून शेठच्या दारात नेऊन ठेवली. शैलाने दहावीनंतर शिकणं सोडलं, तिचं लग्न वासिंदकडे झालं. बाईंची नेमणूक कायम झालेली नव्हती. मार्चमध्ये संस्थेने ती पुढे चालू ठेवली नाही. कागदावर कारण होतं, प्रकल्पाच्या आकडेवारीतील गैरप्रकार, जो सदर शिक्षिकेने स्वतः मान्य केला आहे. त्यांनी आयोजकांना लिहिलेल्या पत्रात तसं कुठेही नव्हतं. पत्रात त्यांनी कुणालाही दोषी ठरवलेलं नव्हतं. पुढे त्या कल्याण पूर्वेला शिकवण्या घेत. पंचाण्णवच्या सुमारास गेल्या, असं मला भोईरमामांनी सांगितलं. मी डोंबिवलीत होते, अर्ध्या तासाच्या अंतरावर. गेले नाही.

संस्थेने म्हटलेलं ते मान्य करणं, बाईंनी कुठे आणि कसं केलं, ते मी पाहिलेलं आहे.

सुमनला जाऊन चार दिवस झाले होते. शनिवार होता. बाई शाळेतून थेट शेलार चाळीकडे निघाल्या. मी मागे मागे चालत होते, त्यांनी फाटकाशी वळून “तू नको येऊस” म्हटलं, तरी गेले. नवव्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. शैलाची आई मध्ये, गुडघे पोटाशी घेऊन. शैला चुलीच्या बाजूला. बाई आत जाऊन जमिनीवर बसल्या. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

मग शैलाच्या आईने वर पाहिलं.

“बाई, एक इचारू? ती शून्यं कुनी लिहिली हो?”

शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. दोघींनाही माहीत होतं, आणि एका शब्दाचं काम होतं.

“मी,” बाई म्हणाल्या.

“तुमी आलावता का तवा आमच्या चाळीत?”

“नाही.”

“मग?”

“न बघता लिहिली.”

बायकांपैकी कुणीतरी तोंडाला पदर लावला. शैलाच्या आईने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, खूप वेळ, किती ते मी मोजलं नाही. ती ओरडेल, अंगावर धावून जाईल, असं मला वाटत होतं, आणि तसं व्हावं असंही वाटत होतं, म्हणजे मला पळता आलं असतं. पण तिने मान न वळवता हाक मारली.

“शैले, बाईंस्नी पानी दे.”

शैला उठली. माठाशी जाऊन तिने पेला भरला आणि तिथेच उभी राहिली, पेला हातात धरून, पुढे येईना. खोलीतल्या सगळ्या बायका त्या पेल्याकडे बघत होत्या.

“दे की गं,” आई म्हणाली. आणि बाईंना म्हणाली, “प्या बाई. आता उकळून ठेवतो आमी.”

बाईंनी दोन्ही हातांनी पेला घेतला. माझ्याकडे त्यांची पाठ होती. न थांबता, सावकाश, त्यांनी सगळं पाणी संपवलं, पेला जमिनीवर ठेवला, आणि उठल्या नाहीत.